नाग नदी, भांडेवाडी आणि आमच्या घरामागचा नाला

नालाकाठी | शनिवार, रात्री ९:४०

मंडळी, तक्रारीचा धागा आहे, आधीच सांगून ठेवतो.

जगनाडे चौकाच्या पुढे आमचं घर. मागच्या भिंतीपासून बारा-चौदा फुटांवर नाला, तो पुढे नाग नदीला मिळतो. वडिलांनी प्लॉट घेतला तेव्हा दलाल म्हणाला होता, मागून वारा मस्त येते. वारा येतो, त्यात खोटं काही नाही. पण एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी सातनंतर मागची खिडकी उघडायची सोय नाही. आईची चांदीची निरांजनं आठवड्याभरात काळी पडतात. दोन गल्ल्या पलीकडे मावशी राहते, तिच्याकडची दिवाळी ते दिवाळी पांढरी. एसीचं कॉइल तीन वर्षांत दोनदा लीक झालं. दुसऱ्या वेळी मेकॅनिकने मशीन उघडायच्या आधीच विचारलं, "मागं नाला आहे का हो?"

आता माझा प्रश्न. भांडेवाडीला सांडपाण्याचा एवढा मोठा प्लांट आहे. तिथलं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, देशभर त्याचं उदाहरण देतात. मग माझ्या मागून बारा महिने हे जे काळं वाहतं ते काय आहे? प्लांट चालत नाही, का आकडे खोटे, का मीच वेडा?

बर्डीवाला | शनिवार, रात्री १०:०५

तुम्ही वेडे नाही, तुम्ही नागपूरकर आहात. आमचे आजोबा सांगायचे, नागेत पोहायला जात असू म्हणून. बाबा सांगायचे, आजोबा पोहायला जायचे म्हणून. मी पोराला काय सांगू?

संत्रामोसंबी | शनिवार, रात्री १०:२२

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर पोकलेन लावून तिन्ही नद्यांचा गाळ काढतात न. नाग, पिवळी, पोरा. मग जूनमध्ये फोटो येतात, जुलैत पाणी येतं, डिसेंबरात परत तेच.

माजी_केमिस्ट | रविवार, सकाळी ७:१५

गाळ काढणं हे पुरासाठी असतं, घाणीसाठी नाही. पात्र खोल झालं की पाणी पटकन निघून जातं, एवढंच. त्याची सरमिसळ नको.

नालाकाठी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते. मी विदर्भातल्याच एका सांडपाणी केंद्राच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं काढली, आता घरी असते. थोडं लांबेल.

आधी हिशेब. नागपूरला रोज साधारण साडेसहाशे एमएलडी पाणी पुरवलं जातं. एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर. पुरवलेल्या पाण्याचं ८० टक्के सांडपाणी होतं असं धरायची पद्धत आहे. म्हणजे झाले ५२० एमएलडी. विहिरी आणि बोअरचं पाणी यात धरलेलंच नाही. भांडेवाडीचे दोन मोठे प्लांट १३० आणि २०० चे. मोक्षधामजवळचा वगैरे लहानसहान सोडून देऊ. ५२० वजा ३३०, उरले १९०. म्हणजे १९ कोटी लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर रोज एकोणीस हजार टँकर. ते कुठेतरी जाणारच, आणि उतार नदीकडे आहे.

आणि हेही प्लांट रोज काठोकाठ भरून चालतात असं धरून. प्लांटची क्षमता ही प्लांटच्या दारापर्यंत पोचलेल्या पाण्यासाठी असते. पाणी दारापर्यंत आलंच नाही तर प्लांट काय करणार? पोळपाट मोठा घेतला म्हणून पोळ्या वाढत नाहीत, कणीक लागते. तेव्हा प्लांट चालतो, आकडेही बहुतेक खरे आहेत, आणि तुमचा नालाही खरा आहे. तिन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

निरांजनं काळी होतात त्याचं कारण हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्याचा वास येतो तो हाच. साचलेल्या घाण पाण्यातला ऑक्सिजन संपला की बिनऑक्सिजनचे जिवाणू कामाला लागतात आणि हा वायू सोडतात. चांदी, तांबं, दोन्हीला तो लागतो. एसीच्या कॉइलमध्ये तांबंच असतं. उन्हाळ्यात प्रवाह मंद आणि पाणी गरम, म्हणून तेव्हा जास्त.

सावजी_रस्सा | रविवार, सकाळी ८:५०

ताई, प्लांटमध्ये नेमकं करतात काय? फिटकरी टाकून नितळवतात का? आम्हाला बाहेरून फक्त गोल टाक्या दिसतात.

माजी_केमिस्ट | रविवार, सकाळी ९:३०

फिटकरीचं काम पिण्याच्या पाण्यात. इथे जिवाणूंना जेवायला घालतात.

आधी जाळी. तिथे चिंध्या, पिशव्या, सॅनिटरी पॅड, गुटख्याच्या पुड्या, एकदा आमच्याकडे अख्खी कुकरची शिट्टी आली होती. मग वाळू बसवायची टाकी, नाहीतर पंप खाऊन टाकते. त्यानंतर खरी टाकी, जिच्या तळातून हवा सोडतात. सांडपाण्यातली घाण हे जिवाणूंचं अन्न. हवा मिळाली की ते खातात, वाढतात, एकमेकांना चिकटून तपकिरी गुठळ्या होतात. हवा बंद केली की गुठळ्या खाली बसतात, वर नितळ पाणी. त्या गाळातला थोडा परत टाकीत, म्हणजे दह्याला विरजण, आणि जास्तीचा बाहेर. एसबीआर म्हणतात त्या पद्धतीत हे सगळं एकाच टाकीत आळीपाळीने होतं: भरा, हवा द्या, थांबा, वरचं काढा. भांडेवाडीचा २०० चा प्लांट त्याच पद्धतीचा. प्लांटच्या विजेतला अर्ध्याहून जास्त वाटा ही हवाच खाते, म्हणून पैसे कमी पडले की पहिला हात ब्लोअरच्या बटणाकडे जातो. हे मी कुठल्या एका ठिकाणाबद्दल बोलत नाहीये.

टाकीची तब्येत बघायची माझी आवडती चाचणी अगदी साधी आहे. एक लिटरचं काचेचं नळकांडं. हवेच्या टाकीतलं पाणी त्यात भरायचं, उन्हाबाहेर ठेवायचं आणि अर्धा तास हलवायचं नाही. पहिली दोन मिनिटं सगळं पातळ कॉफीसारखं. मग गुठळ्या एकमेकींना शोधतात, आणि एक रेघ दिसायला लागते, खाली तपकिरी, वर पिवळसर स्वच्छ. रेघ हळूहळू खाली सरकते. अर्ध्या तासाने रेघ अडीचशे-तीनशे मिलिलिटरवर असेल तर चहा प्यायला जावं. सातशेवरच अडकली असेल तर टाकीत दोऱ्यासारखे जिवाणू माजलेत, गाळ बसणार नाही, पुढचे चार दिवस घरी उशिरा. नोकरीच्या पहिल्या महिन्यात माझे साहेब नुसता वास घेऊन सांगायचे. चांगल्या टाकीला पावसानंतरच्या मातीसारखा वास असतो, खरंच. मला शिकायला दोन वर्षं लागली.

आकडा सांगायचा तर बीओडी, म्हणजे घाण खायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागेल त्याचं माप. आपल्याकडे २७ अंशांवर तीन दिवस ठेवून काढतात. कच्चं सांडपाणी साधारण २०० मिलिग्रॅम प्रति लिटर. चांगला प्लांट ते १० वर आणतो. आता हे बघा: उन्हाळ्यातल्या पाण्यात ऑक्सिजन विरघळून विरघळून साडेसात मिलिग्रॅम मावतो. मागणी २०० आणि शिल्लक साडेसात. मासा कुठून जगेल?

बर्डीवाला | रविवार, सकाळी ९:५२

कुकरच्या शिट्टीचं पुढं काय झालं?

माजी_केमिस्ट | रविवार, सकाळी १०:१०

ऑपरेटरने धुऊन खिडकीत ठेवली होती. कोणी न्यायला आलं नाही.

कुहीकर | रविवार, दुपारी १:२०

तुमचं सगळं वाचून राहिलो. आता आमचं ऐका.

मी कुही तालुक्यातला. तुमची नाग, तिच्यात पिवळी मिळते, ती येते कन्हानमध्ये, कन्हान येते वैनगंगेत. अंभोऱ्याले पाच नद्यांचा संगम आहे, देवस्थान आहे, आता तर मोठा पूलही झाला, पर्यटक येऊन फोटो काढतात. खाली गोसीखुर्द धरण. १९८८ साली राजीव गांधींनी भूमिपूजन केलं. आमच्याइकडची गावं उठली त्याच्यासाठी. धरण झालं तसं पाणी तुंबून वर पसरलं. आधी नदी वाहत होती तेव्हा तुमची घाण दोन दिवसांत पुढं निघून जाये. आता ती आमच्या दारात थांबते.

उन्हाळ्यात पाणी हिरवं. त्यावर इकोर्निया, म्हणजे जलपर्णी, एवढी माजते का डोंगा पुढं सरकत नाही. ढिवर भाऊ जाळं टाकतात त् जाळ्यात मासा कमी आन् वेल जास्त. जाळं धुतलं तरी हातांचा वास दोन दिवस जात नाही. भंडाऱ्याले पिण्याचं पाणी वैनगंगेचंच, पवनीलेही तेच. तुम्ही घरी फ्लश दाबता आन् म्हणता गेलं. कुठं गेलं? आमच्याकडं आलं न बाप्पा.

नालाकाठी | रविवार, दुपारी २:०५

भाऊ, खरं सांगतो, धागा काढताना माझ्या डोक्यात फक्त माझी खिडकी होती.

पुणेकर_पाहुणा | रविवार, दुपारी ३:३०

मुळा-मुठेकाठी राहतो, त्यामुळे वासाच्या बाबतीत तुम्हाला कमी लेखणार नाही. आमच्याकडेही जपानच्या जायका या सरकारी संस्थेचं कर्ज, तुमच्या नागेलाही जायकाच. निदान एका बाबतीत पुणे आणि नागपूर समान पातळीवर आले.

संत्रामोसंबी | रविवार, दुपारी ३:४४

तो नाग नदीचा प्रकल्प जवळपास दोन हजार कोटींचा आहे. २०२१ पासून मंजूर, मंजूर ऐकतोय. त्यात नवे प्लांट आहेतच, पण मोठं काम आहे ते लाईनींचं. शेकडो किलोमीटर गडरलाईन, म्हणजे सांडपाण्याची बंद पाईपलाईन, टाकायची आहे. ताईंचं पोळपाट-कणकीचं वाचल्यावर आता कळलं का ते.

धरमपेठी | रविवार, सायंकाळी ५:१०

मला एक वेगळंच विचारायचं आहे. शुद्ध केलेलं पाणी कोराडीला देतो हे चांगलं म्हणायचं का? नदीतलं पाणी उचललं, साफ केलं आणि नदीला परत न देता वीज केंद्राच्या कूलिंग टॉवरमधून वाफ करून उडवून दिलं. ही नदी वाचवणं झालं का?

संत्रामोसंबी | रविवार, सायंकाळी ५:३०

नाही दिलं असतं तर त्या केंद्रानं पेंचचं पाणी घेतलं असतं, जे आपण पितो. २००८ साली ११० एमएलडीचा करार झाला तो याच हिशेबानं. नंतर २०१६ च्या वीजदर धोरणात केंद्र सरकारनंही लिहिलं, सांडपाणी प्रक्रिया केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांनी तेच पाणी वापरायचं. नागपूर त्याच्या आठ वर्षं आधी होतं. आता याचं तरी कौतुक करू द्या.

धरमपेठी | रविवार, सायंकाळी ५:४१

कौतुक आहेच. पण पाणी वाचलं पेंचचं. नागेचं काय वाचलं?

माजी_केमिस्ट | रविवार, रात्री ८:२०

धरमपेठींनी नेमक्या ठिकाणी बोट ठेवलं आहे, आणि यावर तयार उत्तर माझ्याकडेही नाही.

नाग उगमते लाव्ह्याच्या टेकड्यांत, वाडीकडे. तिच्यावर १८७० साली अंबाझरी तलाव बांधला. तेव्हापासून अंबाझरीच्या खाली नागेला स्वतःचं पाणी फक्त तलाव ओसंडला की, म्हणजे पावसाळ्यात. फेब्रुवारी ते जून शहरात नाग म्हणून जे वाहतं ते जवळजवळ सगळं आपल्या घरातलं. उद्या जादूची कांडी फिरवून प्रत्येक थेंब भांडेवाडीला वळवला आणि तिथून कोराडीला पाठवला, तर नाग स्वच्छ होणार नाही, कोरडी होईल. वास जाईल, नालाकाठींची निरांजनं पांढरी राहतील. पण नदी नसेल.

दुसरीकडे, बीओडी १० चं पाणी नदीत सोडलं तरी आंघोळीच्या पाण्याचा निकष ३ चा आहे. उरलेलं काम नदीच्या स्वतःच्या पाण्याने मिसळून करायचं असतं. गंगेत ते जमतं, कन्हानमध्येही थोडं जमेल. मे महिन्यातल्या नागेत मिसळायला आहे काय? म्हणून नागेत सोडायचं पाणी इतर नद्यांपेक्षा जास्त चांगलं हवं. हरित लवादाने २०१९ मध्ये बीओडी १०, फॉस्फरस १, नायट्रोजन १० असे कडक आकडे सांगितले. फॉस्फरस-नायट्रोजनकडे लोक बघत नाहीत, पण कुहीकरांची इकोर्निया त्याच्यावरच पोसते. बीओडी छान आणि फॉस्फरस तसाच, असं पाणी म्हणजे वेलीसाठी खतच.

माझं मत विचाराल तर सगळं विकू नये. ठरावीक पाणी नदीचं म्हणून बाजूला काढावं आणि तेवढं जास्त घासूनपुसून अंबाझरीच्या खालीच सोडावं, भांडेवाडीच्या खाली नको. पण त्यासाठी वरच्या भागात लहान लहान प्लांट लागतील. आपल्याकडच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने फायटोरिड म्हणून पद्धत काढली आहे, खडीच्या वाफ्यातून पाणी झिरपवायचं, वर कर्दळ, पाणकणीस, मुळांवरचे जिवाणू काम करतात, वीज नावाला. जागा मात्र लागते, आणि धरमपेठेत जागा मागायला जाणार कोण?

बर्डीवाला | रविवार, रात्री ८:३१

धरमपेठीच देतील.

पाईपमास्तर | सोमवार, रात्री ११:०५

दिवसभर साईटवर होतो, आता वाचलं. मी प्लंबिंगची कामं घेतो, बावीस वर्षं झाली. ताईंनी वरचं सांगितलं, मी खालचं सांगतो.

शहरात दोन लाईनी असतात. एक गडरलाईन, ती संडास-बाथरूमची, बंद पाईप, चेंबर टू चेंबर, शेवटी पंपिंगला. दुसरी पावसाळी नाली, ती सरळ नाल्यात. ज्याचं घर गडरलाईनपासून लांब, त्याच्या मिस्त्रीला नाली जवळ दिसते. चाळीस फूट पाईप वाचतो, रस्ता फोडायची परवानगी वाचते, आणि मालकाला फरक कळत नाही, कारण फ्लश केलं की दोन्हीकडं जातंच. अशी किती घरं असतील ते मी सांगत नाही. मी स्वतः सुरुवातीला दोन-तीन जोडलेली आहेत, खोटं कशाला बोलू.

उलटंही होतं. गच्चीचं पाणी लोक गडरलाईनीत सोडतात. मग पावसात चेंबरची झाकणं उडतात.

बाकी चोकअपची कारणं ऐकून घ्या. लग्नसराईत तेल. गरम असताना पातळ, लाईनीत गेलं की साबणासारखं थिजते. पॅड आणि डायपर. आणि ज्या भागात गोठे आहेत तिथं शेण. म्हशीखालचं पाईप मारून धुतात आणि सगळं लाईनीत. शेण बसलं की सळई मारूनसुद्धा निघत नाही.

आणि एक. चोक काढायला माणूस आत उतरवू नका. २०१३ चा कायदा आहे. काळ्या निरांजनाचा तोच वायू चेंबरमध्ये दाटून असतो. जास्त असला तर वासच येत नाही, नाकच बधिर होते. माझ्यासोबत काम शिकलेला एक पोरगा असाच गेला. गाडी बोलवा, दोन दिवस लागू द्या.

अंबाझरी_लेआउट | मंगळवार, सकाळी ७:४०

गच्चीच्या पाण्याबद्दल अगदी खरं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे चार तासांत शंभर मिलीमीटरवर पाऊस झाला, तलाव ओसंडला, हे सगळ्यांना माहीत आहे. आमच्याकडे पाणी समोरच्या दारातून यायच्या आधी बाथरूमच्या जाळीतून वर आलं. काळं. फ्रिज तरंगत होता ते विसरलो, तो वास नाही विसरलो. आता मेन लाईनीला उलट न येणारा व्हॉल्व्ह बसवला आहे.

नालाकाठी | मंगळवार, सकाळी ९:१५

पाईपमास्तर, माझं घर कुठल्या लाईनीला जोडलंय हे कसं कळणार? नकाशा वगैरे काही सापडत नाही.

पाईपमास्तर | मंगळवार, दुपारी १:३०

रंग टाका. एकानं संडासात रंग टाकून दोन बादल्या पाणी सोडायचं, दुसऱ्यानं समोरचं गडरचं चेंबर उघडून बघायचं, तिसऱ्यानं नाल्यावर. प्रत्येक बाथरूमचं वेगळं. दोन बाथरूमच्या मध्ये अर्धा तास जाऊ द्या.

कुहीकर | मंगळवार, दुपारी २:००

टाकायच्या आधी इथं कळवजा. एक दिवस नदी लाल आली त् आमचे पोरं घाबरतील.

नालाकाठी | बुधवार, सकाळी १०:२०

केलं! घरात लाल दवाईची पुडी होती, पोटॅशियम परमँगनेट. मागच्या संडासात चमचाभर टाकून दोन बादल्या सोडल्या. मी नाल्यावर पंचवीस मिनिटं उभा, नाक धरून. काही आलं नाही. जांभळ्याचा थेंब नाही. म्हणजे आमचं घर निर्दोष. बाकीच्यांनीही करून बघावं ही विनंती.

माजी_केमिस्ट | बुधवार, सकाळी १०:५०

नालाकाठी, अभिनंदन थोडं थांबवा.

परमँगनेट नको. ते घाणीशी झगडतं आणि त्यात त्याचा जांभळा रंगच संपतो, मळकट तपकिरी होतो. पूर्वी पाणी किती घाण आहे ते मोजायलाच ते वापरायचे, किती परमँगनेट फिकं पडलं त्यावरून. तुमचा रंग पाईपातच खर्ची पडला असणार, आणि तपकिरी नाल्यात तपकिरी कोणाला दिसणार? खाण्याचा रंग घ्या, जिलबीचा.

बर्डीवाला | बुधवार, सकाळी १०:५८

लाल दवाईनं निर्दोष सुटलेला पहिला आरोपी.

नालाकाठी | गुरुवार, रात्री ९:३०

आज संध्याकाळी परत केलं. जिलबीचा केशरी रंग, एक अख्खी डबी. पुढचं बाथरूम आधी: मुलगा वर, मी गडरच्या चेंबरवर, बायको नाल्यावर फोन घेऊन. दीड मिनिटात चेंबरमध्ये केशरी पाणी. छान.

मग अर्ध्या तासाने मागचं. मुलाने वरून ओरडून सांगितलं, "सोडला!" चेंबरमध्ये मी वाकून बघतोय, काहीच नाही. तीन मिनिटं, पाच मिनिटं. साडेपाचव्या मिनिटाला बायकोचा फोन, नुसतं म्हणाली, "या इकडे."

आमच्या कंपाउंडपासून तीन घरं पुढे पावसाळी नालीचं तोंड नाल्यात उघडतं. तिथून काळ्या पाण्यावर केशरी पट्टा, हातभर रुंद, सरळ मध्यापर्यंत जाऊन मग वळलेला. संत्रानगरीला शोभेल असा. शेजारचे दोघे बघायला आले, त्यांना वाटलं वर कुठे मंडप डेकोरेशनवाल्याने कापड धुतलं.

२०१४ मध्ये मागचं बाथरूम वाढवलं होतं. ज्याला काम दिलं त्याने बिलात "गडरलाईन जोडणी" असा चक्क कॉलम लावून पैसे घेतले आहेत. बिल अजून आहे माझ्याकडे. त्याचा नंबर आता लागत नाही.

म्हणजे इतकी वर्षं आई ज्या वासाला शिव्या घालते आहे त्यात मागच्या बाथरूमचा वाटा आहे, आणि मागचं बाथरूम आईचंच आहे. हे तिला अजून सांगितलेलं नाही.

संत्रामोसंबी | गुरुवार, रात्री ९:४५

मालक, हे लिहायला हिंमत लागते. मीही रंग आणतो रविवारी. हात थरथरतोय मात्र.

कुहीकर | गुरुवार, रात्री १०:१०

केशरी काही आलं नाही इकडं. बाकीचं आलं. पण तुम्ही पाहिलं त् खरं, भाऊ. एवढंही कोणी करत नाही.

नालाकाठी | सोमवार, रात्री ८:५०

पुढची खबर. आमच्या रांगेत नऊ घरं. रविवारी डबी घेऊन फिरलो. दोघांनी दार उघडलं नाही, एकाने "आमचं सगळं व्यवस्थित आहे" म्हणून चहा पाजून परत पाठवलं. सहा घरांत टाकू दिला. सहापैकी चौघांचं मागचं नाल्यात. चौघांचा मिस्त्री एकच निघाला.

आता अडचण. मागच्या बाथरूमपासून समोरच्या चेंबरपर्यंत घराच्या बाजूने ४६ फूट. पाईपमास्तर म्हणतात चार इंची पाईपला साठ फुटांना एक फूट तरी उतार हवा, म्हणजे मला नऊ-दहा इंच लागतात, आणि मोजल्यावर मिळतात सात. मागचं बाथरूम जमिनीलगत बांधलंय ना. एकतर बाथरूमची फरशी उचला, नाहीतर चौघांनी मिळून मागून एक सामाईक लाईन कोपऱ्याच्या चेंबरला न्या, ते चेंबर खोल आहे. दुसरं स्वस्त पडतं. अर्ज दिला आहे, रस्ता फोडायचा नसल्याने लवकर होईल म्हणतात. तिघे तयार. चौथा म्हणतो, आधी वरच्या लेआउटवाल्यांचं बंद करा, मग माझ्याकडे या. तो चुकीचं बोलतोय असंही म्हणवत नाही. वरून येणारं पाणी आमच्या चौघांच्या हजारपट असेल.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग माझ्यामुळे निरांजनं काळी होतात होय?" आणि हसत सुटली. दोन दिवस झाले, आल्यागेल्याला सांगते आहे.

पाईपमास्तर | सोमवार, रात्री ११:२०

तिघांचं आता करून घ्या. चौथ्यासाठी वाय जोड सोडून ठेवा, टोपी लावून. नंतर फोडाफोडी नको.

आणि पाईप झाकायच्या आधी तपासून घ्या. वरच्या टोकातून बॉल सोडायचा, मागून बादलीभर पाणी. खालच्या चेंबरमध्ये बॉल आपोआप आला पाहिजे. अडला तर सांध्यात सिमेंट राहिलं किंवा पाईप मध्येच झोपला. मिस्त्रीचे शेवटचे पैसे बॉल हातात आल्यावर द्या.

नालाकाठी | मंगळवार, सकाळी ७:०५

कुठला बॉल?

पाईपमास्तर | मंगळवार, सकाळी ७:३०

पोराचा टेनिसचा चालते. त्याला आधी विचारून घ्या, कारण परत तो घेणार नाही.